अक्का समुद्रात उतरली ती दिवाळी

सोयाबीन काढणीला आलं की हिंगोलीच्या हवेत एक बारीक पिवळसर धूळ उतरते. वाळत घातलेल्या कपड्यांवर, मोटारसायकलच्या सीटवर, शाळेच्या खिडकीच्या गजांवर ती बसून राहते. सेनगावच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंनी हडंब्याची धडधड ऐकू येते. मळणीच्या यंत्राला आमच्याकडे हडंबा म्हणतात, आणि तो एकदा सुरू झाला की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. नाकात भुसा जातो, घसा खवखवतो. जन्म याच मातीत गेलेल्या माझ्यासारख्या माणसाला हा वास सुगीचा, सुट्टीचा, नव्या कपड्यांचा वाटायला हवा. तसा तो वाटायचाही. पाच वर्षांपासून मात्र धूळ उडायला लागली की माझ्या घशाशी खारट पाणी येतं.

हे मी कुणाला सांगत नाही. सांगायचं तर अक्काचं सांगावं लागेल.

अक्का माझी थोरली बहीण, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. आमचं गाव हट्ट्याजवळचं. मळ्यात विहीर होती, काळ्या दगडात बांधलेली. पाऊसकाळ चांगला झाला तर दिवाळीपर्यंत ती इतकी भरलेली असायची की काठावर पालथं पडून हात घातला तर बोटं ओली व्हायची. दिवाळीच्या सुट्टीत बाबांनी अक्काच्या पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून तिला पोहायला शिकवलं. मला बाबांनी शिकवलं नाही, अक्कानं शिकवलं. मी घाबरून तिच्या गळ्याला मिठी मारायचो. ती काहीच न बोलता मला घेऊन सरळ पाण्याखाली जायची. माझी मिठी आपोआप सुटायची. मग ती हातभर अंतरावर वर यायची, केस मागे सारायची आणि म्हणायची, "अंगाला झोंबायचं न्हाई. डबा धर."

विहिरीत कुणाची बादली पडली तर बायका अक्काला बोलवायच्या. ती श्वास भरून बुडी मारायची. पाणी वरून शांत होऊन जायचं. काठावरच्या बायका मनातल्या मनात आकडे मोजत राहायच्या, आणि मग बादलीची कडी पाण्याबाहेर यायची. आधी कडी, मग अक्काचा हात, मग तिचं हसणारं तोंड.

तेराव्या वर्षी काकूंनी आईला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. त्यानंतर अक्का विहिरीवर यायची ती काठावर बसून माझे कपडे सांभाळायला. "पाय लांब कर," ती वरून सांगायची. "मान कशाला वर काढून राहिला? पाण्यावर ठेव." मी नऊ वर्षांचा होतो. तिला काठावर बसवलं यात मला काही वावगं वाटलं नाही. उलट विहीर आता आपली एकट्याची झाली म्हणून बरंच वाटलं असावं. सतराव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि ती सेनगाव तालुक्यातल्या एका गावी गेली. दाजी भला माणूस. कष्टाळू, कमी बोलणारे. त्यांच्या विहिरीवर मोटार होती. त्या घरच्या बाईचा पाण्याशी संबंध घागरीपुरता.

मधली चाळीस वर्षं मी गाळतो. दोन्ही घरांत होतं ते सगळं झालं. मुलं झाली, मोठी झाली. मी हिंगोलीत मास्तर झालो. दाजी एका उन्हाळ्यात छातीत कळ येऊन गेले. त्यानंतरच्या दुसऱ्या भाऊबीजेला मी अक्काकडे गेलो. तिच्या अंगणात कापलेल्या सोयाबीनची सुडी रचलेली होती. ओवाळून झाल्यावर मी पिशवीतून साडी काढली. तिनं ती हातात घेतली, पोत पाहिला आणि खाली ठेवली.

"साडी लई झाल्या रे," ती म्हणाली. "मला समुद्र दाखव एकदा."

माझा मुलगा अमोल तेव्हा कोकणात नोकरीला होता. आम्ही जायचं ठरवलेलंच होतं. मी म्हणालो, "चल मग उद्या." अक्कानं सुनेला, रेखाला, चार-पाच दिवसांच्या कामाची माहिती दिली आणि एका पिशवीत दोन लुगडी घेऊन ती खरोखरच निघाली. मी, माझी बायको सुनंदा आणि अक्का. एसटी, मग दुसरी एसटी, मग अमोलची गाडी.

अमोलची खोली होती तिथून पाच मिनिटांवर समुद्र होता, पण वाळूचा नाही. काळे, खडबडीत खडक पाण्यात लांबवर शिरलेले. त्यांच्यावर असंख्य धारदार शिंपल्या चिकटलेल्या. दोन मोठ्या खडकांच्या मध्ये एक घळ होती, तिच्या शेवटाला ओंजळीएवढी वाळू. आम्ही सकाळी दहाच्या सुमारास पोचलो. सुनंदानं फोटो काढले. मी अमोलला त्याच्या पगारवाढीचं विचारत होतो. अक्का एका दगडावर बसली. तिनं चप्पल काढून हातात घेतली, खडकाकडे पाहिलं आणि पुन्हा घातली. समुद्र बघून काय वाटलं, असं अमोलनं विचारलं तर म्हणाली, "थांब जरा. बघू दे."

ती अडीच-तीन तास बघत बसली.

खडकांवर एक बाई वाकून कालवं काढत होती. कालवं म्हणजे खडकाला चिकटलेल्या शिंपल्यांमधलं मांस. तिथले लोक ते खातात. ओहोटीला पाणी मागे हटलं की बाया टोपल्या घेऊन येतात. अक्का तिच्याजवळ जाऊन उकिडवी बसली. दोघींची बोली एकमेकींना निम्मीच कळत असावी, पण त्या बोलत राहिल्या.

"हितं कोणी पोहतेत का?" अक्कानं विचारलं.

"पोहतात की. आमची पोरं त्या घळीतच शिकली. पण वेळ बघून."

"कोणती येळ?"

त्या बाईनं हातातलं काम थांबवलं. माझ्या कानावर तुकडे येत होते. पाणी पूर्ण उतरल्यावर अर्धा तास, जास्त नाही. भरती लागली की मुकाट्यानं बाहेर. आज ज्या वेळेला उतरलं त्यापेक्षा उद्या पाऊण तास उशिरा उतरेल. समुद्राकडं पाठ करायची नाही. वरून उडी कधी मारायची नाही, बसून पाय आधी टाकायचे. कुठून बाहेर यायचं ते आधी ठरवायचं, मगच आत जायचं. अक्का प्रत्येक गोष्ट एकदा मोठ्यानं म्हणून बघत होती, शाळेतली मुलगी पाठ म्हणते तशी.

"आन् चुकून बाहेर ओढलं तर?"

"तर खडकाला धरायला जायचं नाही. खडक सोडून आत जायचं, खोल पाण्यात. तिथे लाट फुटत नाही. पडून राहायचं निवांत. मग वळसा घालून वाळूवर यायचं." त्या बाईनं हातानं हवेत वाट काढून दाखवली. अक्कानं तिच्या हाताकडे बघून आपल्या हातानं तीच वाट काढली.

संध्याकाळी जेवताना ती मला सांगत होती, "दत्ता, सात-आठ लाटा बारक्या येतेत बघ. मंग दोन-तीन थोर. थोर गेल्या की जागा भेटते." मी मोबाईल बघत होतो. "हं," म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास आम्ही पुन्हा खडकावर होतो. पाणी पूर्ण उतरलं होतं. घळीतलं पाणी हिरवं आणि इतकं स्वच्छ होतं की तळाची वाळू दिसत होती. अक्कानं जुनं लुगडं काष्टा घालून नेसलं होतं, वरून अमोलचा लांब बाह्यांचा शर्ट, पायात त्याच्याच पट्ट्यांच्या सँडल. सकाळीच तिनं त्या मागून घेतल्या होत्या. काहून, असं कुणी विचारलं नव्हतं. ती माझ्याजवळ आली.

"दत्ता, आता बराबर येळ हाय. घळीत कमरेएवढं हाय, पुढं छातीएवढं. ती बाई हाय खडकावर, तिला सांगितलंय मी. उतरू का?"

छप्पन्न वर्षांची बाई, दोन लेकरांची आई, पन्नाशी ओलांडलेल्या धाकट्या भावाला विचारत होती. जिनं मला पाण्यावर तरंगायला शिकवलं ती. मी आजूबाजूला पाहिलं. वरच्या रस्त्यावर अमोलच्या ऑफिसातलं एक कुटुंब फिरायला आलं होतं, त्यांची ओळख नुकतीच झाली होती.

"अक्का, काहीतरीच काय," मी हलक्या आवाजात म्हणालो. "वय काय आपलं. लोक बघून राहिलेत. आणि दाजींना जाऊन अजून..."

वाक्य मी पुरं केलं नाही. गरज पडली नाही.

"बरं," अक्का म्हणाली.

एवढंच. तिनं दगडावर बसून सँडलचे पट्टे सोडले, दोन्ही सँडल एकमेकींशेजारी नीट ठेवल्या आणि पाण्याकडे बघत राहिली. तेराव्या वर्षी काकूंना ती काय म्हणाली होती, मला आठवत नाही. पण असंच काहीतरी म्हणाली असेल.

त्यानंतर तास-दीड तास गेला. अमोल आणि सुनंदा जेवणाचे डबे आणायला खोलीवर गेले. ते कुटुंबही निघून गेलं. ऊन चढलं होतं, अंग चिकट झालं होतं. मला वाटलं, आपण एक डुबकी मारावी. का वाटलं, हे मी पाच वर्षं स्वतःला विचारतो आहे. अक्काला नाही म्हटल्याची टोचणी होती, आणि ती घालवायला मला काहीतरी करायचं होतं, असं कधी वाटतं. कधी वाटतं, यात एवढं विचार करण्यासारखं काही नाही. मी पुरुष होतो, गरम होत होतं, पाणी समोर होतं.

घळीकडे अक्का बसलेली होती, म्हणून मी खडकांच्या दुसऱ्या बाजूला गेलो. तिथे पाणी गडद आणि शांत दिसत होतं. फेस नाही, खळखळ नाही. आमच्या विहिरीसारखं. मागून अक्काचा आवाज आला, "दत्ता, तिकडं न्हाई. पाणी फिरलंय." मी मागे न बघता हात हलवला आणि विहिरीच्या काठावरून मारायचो तशी उडी मारली.

पहिला क्षण फार सुंदर होता. दुसऱ्या क्षणी मी वर आलो आणि ज्या खडकावरून उडी मारली तो माझ्या डोक्याच्या वर, पुरुषभर उंच होता. मग पाणी फुगलं आणि मी त्याच्या बरोबरीला आलो. मी हात टाकला. पाणी खाली गेलं, तळव्यांची कातडी शिंपल्यांवर राहिली. पुन्हा पाणी फुगलं, या वेळी त्यानं मला खडकावर आपटलं. गुडघा, मग खांदा. विहिरीच्या पाण्याला आपली अशी काही इच्छा नसते. मी तोंड उघडलं आणि समुद्र आत आला. मला अजून तो खडकच हवा होता. हातभर अंतरावर होता तो. मी पुन्हा पुन्हा त्यालाच धरायला जात होतो आणि प्रत्येक वेळी तो मला सोलत होता.

"खडक सोड." अक्काचा आवाज वरून आला. "दत्ता, आत जा. आत जा."

मला वाटलं ती वेडी झाली. जमीन सोडून समुद्रात कसं जायचं? मग आवाज थांबला. ती गेली, असं मला वाटलं.

ती घळीकडे गेली होती. पिण्याच्या पाण्याचा आमचा पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन तिनं खडकावर ओतून रिकामा केला, झाकण घट्ट लावलं, सँडल घातल्या, वाळूच्या टोकाला बसून आधी पाय टाकले. हे मला नंतर कळलं. मला दिसलं ते एवढंच की उजवीकडून, मोकळ्या पाण्यातून, वळसा घालून कुणीतरी पोहत येतंय. पांढरे केस, निळा शर्ट. मान पाण्यावर टेकलेली, पाय लांब. चाळीस वर्षांत तिचं काही विसरलेलं नव्हतं.

ती माझ्याजवळ आली नाही. चार हातांवर थांबली आणि कॅन माझ्याकडे ढकलला.

"धर. माझ्या अंगाला झोंबू नको."

मी कॅन छातीशी धरला.

"आता पाय हाण. माझ्याकडं बघ, खडकाकडं न्हाई."

आम्ही आत गेलो. खरोखर, चाळीसेक हात आत गेल्यावर लाटा फुटायच्या थांबल्या. पाणी नुसतं आम्हाला वर उचलत होतं आणि खाली ठेवत होतं. मी रडत होतो की खोकत होतो, सांगता येत नाही. अक्का उताणी पडून राहिली होती, पण डोळे माझ्यावर. किनाऱ्यावर ती कालवं काढणारी बाई टोपली खाली ठेवून उभी होती आणि हातानं वाट दाखवत होती. अक्का लाटा मोजत होती. दोन मोठ्या गेल्यावर म्हणाली, "चल." आम्ही घळीच्या तोंडातून वाळूवर आलो. मी रांगत आलो. ती चालत आली.

त्या बाईनं माझ्या तळव्यांना फडकं बांधलं. अक्काच्या पाठीवर हात ठेवून काहीतरी म्हणाली आणि भरती वाढत होती म्हणून टोपली उचलून निघून गेली. त्यानंतर पाच मिनिटांनी सुनंदा आणि अमोल डबे घेऊन खाली आले.

"काय झालं हो? रक्त कशाचं?" सुनंदा धावत आली.

मी म्हणालो, "पाय घसरला. एका होडीवाल्यानं काढलं बाहेर."

कुठून आला तो होडीवाला माझ्या तोंडात, देव जाणे. त्या किनाऱ्यावर दिवसभरात एकही होडी फिरकली नव्हती. पण दीड-दोन तासांपूर्वी जिला मी वय दाखवलं, तिनंच मला ओढून काढलं हे माझ्या मुलासमोर माझ्या तोंडून निघेना.

"आन् अक्का कशा भिजल्या?"

"लाट आली अंगावर," मी म्हणालो.

अक्का पदर पिळत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. बादली काढायला बुडी मारण्याआधी ती विहिरीत बघायची तसं, खाली नक्की काय आहे याचा अंदाज घेतल्यासारखं. मग तिनं पदराचं दुसरं टोक पिळायला घेतलं.

एकदा सांगितलेलं खोटं टिकवावं लागतं. हिंगोलीत परत आल्यावर लोक तळव्यांवरच्या जखमा बघून विचारायचे, आणि होडीवाला प्रत्येक वेळी थोडा मोठा व्हायचा. त्याला मिशा आल्या. त्यानं दोर टाकला. कनेरगाव नाक्यावरच्या ढाब्यावर सोबतच्या मास्तरांना सांगताना तर त्यानं "साहेब, जीव सांभाळा" असंही म्हटलं. पुढच्या संक्रांतीला अक्का आमच्या घरी आली होती, तेव्हा पाहुण्यांसमोर सुनंदानंच ती कथा सांगितली. अक्का तीळगूळ मोडत होती. "चांगला व्हता म्हणायचा होडीवाला," एवढंच बोलली.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे पुरं होणार नाही. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी मी परिपाठाला मुलांना पाण्याबद्दल सांगतो. विहिरी, तळी भरलेली असतात, मुलं सुट्टीत पोहायला जातात. आधी बघा, मग उतरा. बाहेर यायची जागा आधी ठरवा. अनोळखी पाण्यात उडी नको. बुडणाऱ्याला मिठी मारू देऊ नका, तरंगणारं काहीतरी ढकला. मुलं शांत ऐकतात. सर किती अनुभवी आहेत, असं त्यांच्या डोळ्यांत असतं. मी एकदाही म्हटलं नाही की हे माझ्या बहिणीनं एका दिवशी तीन तास बसून शिकून घेतलं होतं, आणि मला सांगत होती तेव्हा मी मोबाईल बघत होतो.

दोन वर्षांपूर्वी अक्काला लकवा झाला. डावी बाजू गेली. आता थोडं चालते, काठीनं, पण डावा हात नुसता मांडीवर असतो. बोलणं संथ झालंय, शब्द एकेक करून येतात. त्या बातमीनं मला जे वाटलं त्यात दुःखाआधी एक वेगळीच गोष्ट होती. आता तिला समुद्रावर नेऊन "उतर" म्हणायची सोय उरली नाही. तीन दिवाळ्या माझ्या हातात होत्या. एक गेली, दोन गेल्या. दरवर्षी सुगी यायची, हडंबे धडधडायचे, मी जाऊ जाऊ म्हणायचो, आणि सुट्टी संपायची.

यंदा भाऊबीजेला गेलो. अंगणात ताडपत्रीवर सोयाबीन वाळत होतं. अक्का बाजेवर बसली होती. रेखानं आरतीचं ताट धरलं, अक्कानं उजव्या हातानं ओवाळलं. चहा झाला. रेखा सूप घेऊन दाणे पाखडायला बसली. तिचा नवरा, माझा भाचा विठ्ठल, पोती शिवत होता. का कोण जाणे, मला वाटलं आज नाही तर कधीच नाही.

"विठ्ठल," मी म्हणालो, "मला समुद्रातून कुण्या होडीवाल्यानं काढलं नव्हतं. तुझ्या आईनं काढलं."

सूप थांबलं. मी सगळं सांगितलं, होतं तसं. मी नाही म्हणालो तेही. विठ्ठलनं हातातलं पोतं खाली ठेवलं. रेखाचे डोळे भरून आले. "आत्याबाई, तुमी कधी बोलल्या न्हाई," ती सासूला म्हणाली. मी अक्काचा डावा हात हातात घेतला. "चुकलं माझं, अक्का. लोकांत तुझं नाव घ्यायला पाहिजे होतं."

अक्का ताडपत्रीवरच्या दाण्यांकडे बघत होती. मग शब्द जुळवत म्हणाली, "त्याचं... काही न्हाई, दत्ता. नावाचं काय करायचं. तू बुडत व्हता. मी नसते तर त्या बाईनं काढलं असतं."

"मग राग कशाचा तुला?"

"राग न्हाई." रेखानं तिला पाणी दिलं, ते तिनं प्यायलं. "पाणी लई चांगलं व्हतं रे त्या दिवशी. आदल्या दिसापासून बघत व्हते. आन् उतरले तवा... तुझ्याकडंच बघावं लागलं मला. पाण्याकडं बघायचं राहूनच गेलं."